शिरगाळची न उघडलेली पुस्तकपेटी

शिरगाळची पुस्तकपेटी उघडली आणि मुलं वाचायला लागली.

आता हे वाक्य विसरून जायचं. कारण तसं काही घडलेलंच नाही. शिरगाळात जाऊन कुणालाही विचारा. वरच्या वाड्यात विचारा, खालच्या वाड्यात विचारा, देवळाच्या चौकात पाय पसरून वाचत बसलेल्या पोरांना विचारा. सगळे एका तोंडानं सांगतील की पेटी आली तशी कुलूपबंद आहे, तिला अजून कुणी हात लावलेला नाही. पोरं हे सांगण्यापुरती पुस्तकातून मान वर काढतील, एवढंच.

तेव्हा पेटी बंद आहे असं धरूनच पुढे जाऊ.

पेटी होती म्हापशाच्या एका वाचन प्रसार समितीची, आणि ती सांभाळायची गौरवीनं. गौरवी पेडण्यातल्या वाघकोळंबची. म्हापशाला कॉलेज करून बी.ए. झालेली, आणि समितीची वाचन सेविका. पद हंगामी होतं. समितीत सगळंच हंगामी होतं. कार्यालयातला पंखासुद्धा एका सभासदाच्या घरचा होता आणि उन्हाळा आला की तो घरी घेऊन जायचा.

वाघकोळंबचं बालवाचन मंडळ मात्र पक्कं होतं. दर शनिवारी देवीच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंना उतरायला बांधलेल्या लांब ओवरीत, पोरं जमायची. गौरवी पेटी उघडायची. मग ज्यानं त्यानं आपापलं पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी एकाच वेळी. मनात वाचलेलं वाचण्यात धरत नाहीत अशी तिथली समजूत होती. लांबून ऐकलं तर गावात वाटणीचं भांडण चालू आहे असं वाटायचं.

वर्ष सत्त्याऐंशी. फेब्रुवारीत कोंकणी राजभाषा झाली होती, आता गोवा राज्यही होणार म्हणत होते. समितीत अर्धे सभासद मराठीवाले, अर्धे कोंकणीवाले, आणि पेटीत दोन्ही भाषांतली पुस्तकं. वर कुठली ठेवायची आणि खाली कुठली, यावर सभा होत राहिल्या. आंदोलनात रस्त्यावर झाडं आडवी पडली होती त्या दिवसांतही झाल्या. सभासद झाडं ओलांडून आले. शेवटी चिटणीस पद्मावतीबाईंनी निर्णय दिला: पुस्तकं उभी ठेवा. त्यानंतर पद्मावतीबाईंना समितीत कुणी उलट बोललं नाही.

त्याच पद्मावतीबाईंनी विस्तार काढला. पेडणे झालं, आता डिचोली. दुसरी पेटी नव्हती, तेव्हा एका शनिवारी पेटी वाघकोळंबात आणि पुढच्या शनिवारी नदीपलीकडे शिरगाळात, असं ठरलं. पुस्तकं तेवढीच, गावं दुप्पट. यालाच विस्तार म्हणतात.

"आणि हे बघ गौरवी," पद्मावतीबाई म्हणाल्या, "मी स्वतः येऊन बघणार. शिरगाळची मुलं वाचताना दिसली तर ठीक. नाही दिसली, तर पेटी इथे कपाटात. मग वाघकोळंबही बंद."

कपाटाला काच होती. आत गेलेलं पुस्तक बाहेरून दिसायचं, बाकी काही करता यायचं नाही. गौरवीनं त्या काचेकडे एकदा बघितलं आणि ठरवलं, काय वाटेल ते होवो, पेटी या कपाटात येता कामा नये.

आता पेटी होडीत चढवायची, उतरवायची, म्हणजे दोघांना उचलता आली पाहिजे. ते काम वाघकोळंबच्या विठू मेस्ताकडे दिलं. विठू मेस्त चांगला सुतार, पण खांद्यावर घेऊन चालायची अशी एकच वस्तू त्यानं जन्मात केली होती, ती म्हणजे पालखी. त्यानं पेटीला पितळी कड्या लावल्या, कड्यांतून दांडे ओवले आणि दांड्यांच्या टोकांना कमळं कोरली.

"मेस्ता, कमळां कित्याक?" गौरवीनं विचारलं.

"म्हाका विचारून कितें?" मेस्त म्हणाला. "दांडो दिसलो काय हात आपसूक थंय वता."

वर त्यानं भलं मोठं कुलूप लावलं. पाणी उडू नये म्हणून गौरवीच्या आईनं ट्रंकेतली लाल शाल काढून पेटीवर घातली. पलीकडच्या काठावर उतरल्यावर ऊन रणरणत होतं आणि पितळी कड्या तापत होत्या, म्हणून गौरवीनं आपली छत्री पेटीवर धरली. यातलं प्रत्येक काम शहाणपणाचं होतं.

काठावर शिरगाळची मंडळी उभी होती. वाघकोळंबहून पेटी येणार, एवढंच शाळेच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांना दिसलं ते असं: दोघांच्या खांद्यावर कमळांचे दांडे, मध्ये लाल शाल, वर छत्र. पुढे उभे होते वरच्या वाड्याचे मुख्य गोपाळ गांवकार. त्यांनी आधी चपला काढल्या.

"बाय, ही खंयच्यान आयली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"वाघकोळंबच्यान," गौरवी म्हणाली. "देवळातल्यान."

खोटं काही नव्हतं. पण वाघकोळंबची देवी ही शिरगाळच्या रवळनाथाची बहीण, हे नदीच्या दोन्ही काठांवर कुत्र्यामांजरांनाही ठाऊक. बहिणीनं भावाला आजवर काही पाठवलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं, आणि त्याची थोडी नाराजीही होती. आज पाठवलं. पेटी उचलणाऱ्यांच्या पायांवर घागरभर पाणी पडलं, नारळ फुटला, कुणीतरी धावत जाऊन ढोल आणला. गौरवीचं "अहो, पुस्तकं आहेत" ढोलाखाली गेलं. पेटी चौकात टेकली आणि गोपाळ गांवकारांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

"आयज तुजे भयणीन न्हंयच्या पलतडीच्यान तुका पेटी धाडल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचे भितर कितें आसा तें आमकां खबर ना म्हाराजा!"

"पुस्तकां," गौरवी म्हणाली.

"पुस्तकां आसात अशें ही चली म्हणटा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ती मानान उगडूं, मानान वाचूं, आनी कोणाचें वाकडें आसत तर तें उजू कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात शाळेतली सगळी मुलं होती, आणि त्यांचा आवाज मोठ्यांपेक्षा खणखणीत होता. मंडळाला मुलं मिळणार याबद्दल गौरवीची खात्री पटली. ती किल्ली घेऊन पुढे झाली.

"रांव गो," गोपाळ म्हणाले. "तूं हाडपी. हाडपी उगडिना. उगडपाचो मान वयल्या वाड्याचो." आणणाऱ्यानं उघडायचं नसतं, तो मान वरच्या वाड्याचा.

"कसो?" हा आवाज कृष्णनाथांचा. कृष्णनाथ खालच्या वाड्याचे मुख्य. गोपाळ काही बोलले की कृष्णनाथांना घसा खाकरावासा वाटायचा.

"दांडे आसात ते दिसनात तुका? पालखीचो दांडो आमचो."

"आनी कुलूप आसा तें तुका दिसना? देवळाची चावी कोणागेर आसता?"

यावर वरच्या वाड्याला बोलता येईना, आणि दांड्यांवर खालच्या वाड्याला बोलता येईना. दांडे आणि कुलूप एकाच वस्तूला असू शकतात, हे शिरगाळात आजवर घडलं नव्हतं. ते विठू मेस्तानं घडवलं होतं, आणि तो नदीपलीकडे जेवून झोपला होता.

गौरवीनं समजावून बघितलं. ही पेटी देवीची नाही, समितीची. "समिती खंय बसता?" कृष्णनाथांनी विचारलं. म्हापशाला. "आनी पेटी खंयच्यान आयली?" वाघकोळंबच्या देवळातून. "मागीर जालें तर!" कृष्णनाथ म्हणाले, आणि इतक्या मायेनं म्हणाले की गौरवीला क्षणभर आपलंच चुकलं असं वाटलं.

कौल लावला. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर गोपाळ, डावीकडची पडली तर कृष्णनाथ. संध्याकाळपर्यंत एकही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर दोन्ही पडलेल्या, आणि आधी कुठली पडली ते देवाशिवाय कुणाला माहीत नाही.

शिरगाळात असले वाद नवे नव्हते. मागे पालखीपुढे कुणी चालायचं यावरून एक वाद कोर्टात गेला होता. तेव्हापासून पालखी बाहेर निघालेली नाही. दोन्ही वाडे आळीपाळीनं तिला पॉलिश तेवढं करतात. आता पेटीही चौकात पालखीशेजारी राहील, वाद मिटला की उघडू, असं ठरलं. "चडसो वेळ लागचो ना, बेगीन जातलें," गोपाळ गौरवीला म्हणाले. "तें पालखीचें आमच्या आज्याच्या वेळचें. तें मिटलें काय हें."

पेटी शिरगाळात अडकली ती अडकली. गौरवी शनिवारी होडीनं यायची. मुलं न चुकता जमायची, पेटीपुढे ओळीनं बसायची, हात जोडायची, चुरमुरे घ्यायची आणि घरी जायची. मंडळात गैरहजर कुणी नाही आणि वाचलेली ओळ एक नाही. महिन्याच्या अहवालात गौरवीनं लिहिलं: 'शिरगाळच्या मुलांमध्ये पुस्तकांविषयी आदर निर्माण झाला आहे.' हे अगदी खरं होतं.

वाघकोळंबात आदर वगैरे नव्हता. तिथली पोरं तिला रस्त्यात अडवायची. पेटी गेली तेव्हा ती सगळी एका जाड पुस्तकाच्या मध्यावर होती. मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलीची गोष्ट. मगर ऐन नदीच्या मध्यावर थांबते आणि मुलीला म्हणते, 'रोज तुला पोचवते, पण तुमच्या त्या शाळेत मला कधी कुणी बोलावलं का?' इथवर आलेली, आणि पेटी पलीकडे.

"ताय गो, मगर फुडें वता काय ना?" पोरं विचारायची.

गौरवीला पुढचं माहीत होतं. पण तिनं सांगितलं नाही. सांगितलं तर वाचणार कोण? पोरांनी तिला दुष्ट ठरवलं आणि तिच्या घरावरून जाताना मगरीसारखे दात वाजवायला लागली.

अशात डिचोलीच्या बसच्या कंडक्टरकडून निरोप आला: पद्मावतीबाई येत्या शनिवारी शिरगाळ केंद्राची पाहणी करणार.

गौरवी गोपाळ गांवकारांच्या दारात जाऊन उभी राहिली. ते कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून विडा लावत होते.

"आबा, ज्याला मानच नाही अशा कुणी पेटी उगडली जाल्यार?"

आबांनी चुना लावायचा थांबवला. प्रश्न त्यांना आवडला. गावात असले प्रश्न विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

"जाल्यार उगडली अशें जायना," ते विचार करून म्हणाले. "वाऱ्यान दार उगडलें म्हूण पावणो आयलो अशें कोण म्हणटा?"

"म्हणजे चालेल?"

"चलतलें कशें? कांयच जावंक ना थंय चलतलें कितें?"

कृष्णनाथांकडे गेली. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त वाऱ्याऐवजी मांजर म्हणाले.

तेव्हा गौरवी वारा शोधायला निघाली. दोन दिवस फिरली. शिरगाळात मान नसलेला माणूस मिळेना. मशाल धरणारे होते, छत्र धरणारे होते, मशाल धरणाऱ्याला तेल देणारे होते. पिंपळाखाली झोपून असणाऱ्या म्हाताऱ्याला जत्रेत पहिली शिंक देण्याचा मान होता; तो वर्षभर त्यासाठी नाक जपायचा. सकाळी सायकलवरून पांव विकणारा पोदेर तरी बाहेरचा, तोही ख्रिस्तांव. तर पाडव्याला पहिला भोंपू देवळासमोर वाजवायचा मान त्याचा, आणि त्याच्या बापाचाही होता. शाळेच्या मास्तरांना विचारायची सोय नव्हती. झेंडा वर करायचा मान त्यांचा.

राहता राहिल्या गावाबाहेरच्या खोल्या. खाणीवरच्या ट्रक ड्रायव्हरांसाठी बांधलेल्या, माती बसून दारं-खिडक्या सगळ्या एका रंगाच्या झालेल्या. तिथे सदाशिव ड्रायव्हरची बायको लक्ष्मी कपडे वाळत घालत होती. कुडाळकडची. वाळेपर्यंत कपडे पुन्हा लाल होणार हे माहीत असूनही ती ते झटकून झटकून घालत होती.

"वयनी, तुमका या गावात कसलो मान आसा?" गौरवीनं सरळच विचारलं.

"मान?" लक्ष्मी म्हणाली. "नळार पाणी भरूक माझो नंबर शेवटचो. तो मान म्हणूचो तर म्हण बाय."

"देवळात काय?"

"देवळात गेलंय तर खांबामागे उबी रवतंय. खांब कोणाचो ता माका म्हायत नाय. कोणाचो असलो तर सरकान उबी रवान."

गौरवीला तिला मिठी मारावीशी वाटली. पण कपडे ओले होते. तिनं काम सांगितलं: शनिवारी यायचं, किल्ली फिरवायची, झाकण वर करायचं.

"आणि मगे?"

"मग कायच झालेलं नाही."

"आमच्या घोवाचा काम असाच," लक्ष्मी म्हणाली. "दिसभर माती व्हावता. सांजचा इचारलंय काय केलास, तर म्हणता कायच नाय."

शनिवारी चौकात दोन्ही वाडे जमले. गोपाळ गांवकारांनी लक्ष्मीची चौकशी केली, कारण खात्री केलेली बरी.

"तुमचो देव कोण गो?"

"रवळनाथ."

रवळनाथ म्हणजे गावचाच देव, म्हणजे मान आलाच.

"पण ता आमचो कुडाळाकडचो," लक्ष्मी म्हणाली. "तुमच्या रवळनाथाक तो वळखणा नाय. कधी येणाजाणा नाय, कागद नाय, काय नाय."

दोन्ही मुख्यांनी एकमेकांकडे बघितलं. येणंजाणं नाही म्हणजे नातं नाही, नातं नाही म्हणजे मान नाही. मग गोपाळ गांवकारांनी पाठ फिरवली आणि ते देवळासमोरच्या वडाकडे बघायला लागले. कृष्णनाथांनीही पाठ फिरवली. तिकडेही तोच वड होता. मागोमाग सगळा गाव फिरला. लक्ष्मीनं किल्ली फिरवली. कुलूप नवं होतं, पण आवाज चांगला झाला.

"कसलो आवाज तो?" गोपाळांनी वडाला विचारलं.

"म्हाका आयकूंक येवंक ना," कृष्णनाथ म्हणाले. दोघांचं एकमत झाल्याची ती पहिली वेळ.

आणि मग मुलं तुटून पडली. इतके शनिवार नुसते हात जोडून बसलेली पोरं ती. उभी ठेवलेली पुस्तकं आडवी, उलटी, दोघांत एक अशी चौकभर झाली, आणि सगळ्यांनी एकदम मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पारावरचे कावळे उडाले.

लक्ष्मी पदर खोचून निघाली तर गौरवीनं तिला थांबवलं. पेटी बंद कोण करणार? जी उघडली नाही ती बंद करायचाही मान असतोच कुणाचा तरी. तेव्हा जिनं उघडलेली नाही तिनंच बंद केलेली बरी. लक्ष्मी कपाळाला हात लावून पेटीशेजारी बसली. बसून बसून कंटाळली, तेव्हा गौरवीनं मगरीचं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. लक्ष्मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. नंतर धाकटा भाऊ झाला आणि तिची शाळा त्यानं केली. अक्षरं ओळखीची होती, जोडाक्षरं नव्हती. ती बोट ठेवून, एकेक शब्द उपटत, खोलीतल्या नवऱ्याला हाक मारावी अशा आवाजात वाचायला लागली.

"म-ग-र म्हणाली... बस माझ्या पा... पा..."

"पाठीवर," कृष्णनाथ म्हणाले. वडाकडे तोंड करून.

"बस माझ्या पाठीवर. ह्या बरा हा. भाडा घेता काय ही?"

"फुडें वाच मगो," गोपाळ म्हणाले, तेही वडालाच.

पद्मावतीबाई आल्या त्या या वेळी. बसमधून उतरून, साडीवरची लाल माती झटकत चौकात उभ्या राहिल्या. समोर मुलं वाचत होती आणि गाव पाठ करून उभा होता.

"केंद्र सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

गौरवी तोंड उघडणार तोच गोपाळ म्हणाले, "ना."

"पेटी उघडली?"

"ना," कृष्णनाथ म्हणाले.

"मग ही मुलं काय करतायत?"

"बसल्यांत."

"आणि त्यांच्या हातात काय आहे?"

"म्हाका हांगाच्यान दिसना," गोपाळ म्हणाले. "म्हजें तोंड वडाकडेन आसा."

गौरवीला ते काचेचं कपाट डोळ्यांपुढे दिसलं. कुणीतरी कदेल आणून दिली, पद्मावतीबाई बसल्या. पेटीच्या दांड्यांकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, पाठमोऱ्या वाड्यांकडे बघितलं. लक्ष्मीनं मगर जवळजवळ पाण्यात उतरवली तोवर ऐकत होत्या. मग पर्समधून पेन काढून त्यांनी पाहणीचा शेरा लिहिला आणि गौरवीच्या हातात दिला.

'शिरगाळ केंद्र सुरू झालेले नाही. ते असेच चालू राहावे.'

बाई उगीच चिटणीस नव्हत्या.

तेव्हापासून पेटी अडवून ठेवायला कारण उरलं नाही, आणि ती एक शनिवार इकडे आणि एक तिकडे फिरायला लागली. शिरगाळच्या काठावर दर खेपेला पाय धुणं, नारळ आणि ढोल, त्यात बदल नाही. वाघकोळंबची पोरं मगरीपर्यंत पुन्हा पोचली आणि दात वाजवायची थांबली. शिरगाळात लक्ष्मी प्रत्येक वेळी एक प्रकरण पुढे जायची, मोठ्यानं, आणि दोन्ही वाड्यांचे मुख्य वडाकडे तोंड करून सगळ्यांच्या आधी हजर असायचे. जोडाक्षरं आता तिला अडत नव्हती. याचं कृष्णनाथांना थोडं वाईट वाटत असावं.

मेअखेर गोवा राज्य झालं. शाळेत पेढे वाटले. त्याच आठवड्यात सदाशिव घरी येऊन म्हणाला, खाणीचे ट्रक दक्षिणेतल्या सांग्याला जाणार, ड्रायव्हर ट्रकाबरोबर, बिऱ्हाड ड्रायव्हराबरोबर.

चौकात सभा बसली. लक्ष्मी गेली तर पेटी कोण उघडणार नाही?

"कृष्णनाथाचो जांवय आसा मरे, कारवारचो," कुणीतरी म्हणालं.

"जांवयाक मान ना? मागीर कोणाक आसा?" कृष्णनाथ उखडले.

मग गोपाळ गांवकार जमिनीकडे बघत म्हणाले, "कृष्णनाथान उगडूं. म्हजें कांय ना."

सगळे थक्क झाले. सगळ्यांत जास्त कृष्णनाथ. त्यांनी सवयीनं घसा खाकरला. शेवटी म्हणाले, "तूं उगड. दांडे तुमचे."

"ना, तूं."

"तूं म्हणटां न्हय!"

आवाज चढले. पूर्वी दोघंही 'मी' म्हणून भांडायचे, आता 'तू' म्हणून. गौरवीला वाटलं, आता कुणीतरी एक उठणार आणि संपलं. पण गोपाळांच्याच डोक्यात आलं.

"रांव रे. आयज उगडली जाल्यार आयजमेरेन जें वाचलें, तें कितें?"

आज पेटी पहिल्यांदा उघडली, तर आजवरचं सगळं वाचन बंद पेटीतून झालेलं, म्हणजे चोरीचं. दोन्ही वाड्यांची पोरं चोर. ते कुणालाच चालणार नव्हतं. पेटी कधीच उघडता कामा नये, आणि दर खेपेला उघडली पाहिजे, यावर गाव एक झाला. अर्ज करायचं ठरलं. राज्य नवीन आहे, अजून त्याला नाही म्हणायची सवय झालेली नसेल, असं कृष्णनाथांचं मत पडलं. भांडण कोंकणीत झालं होतं; अर्ज मराठीत लिहायला गौरवी बसली.

लिहून झाल्यावर लक्ष्मीनं तो ओढून घेतला. "बघूया माझा काय लिवलंस ता." आणि चौकभर ऐकू जाईल असं वाचलं. मध्येच थांबली.

"'मंडळाची पेटी श्रीमती लक्ष्मी यांनी कधीही उघडलेली नाही.' म्हणजे मी काय केलंय?"

"काय नाही," गौरवी म्हणाली.

"आणि ता मी करूचा थांबवलंय तर तुमचा अडतला."

"होय."

"बरा." तिनं अर्ज परत दिला. "माझो नळार नंबर आजून शेवटचोच असा, ता पण घाल त्याच्यात."

नळाचा विषय वेगळा, तो पंचायतीकडे जातो, असं दोन्ही वाड्यांनी एकदम सांगितलं. लक्ष्मी हसली. मग खाली वाकून तिनं पेटीतून मगरीचं पुस्तक उचललं आणि पिशवीत घातलं. अजून शेवटची तीन प्रकरणं राहिली होती, आणि वाघकोळंबच्या पोरांचीसुद्धा.

"वयनी, तें..." गौरवी म्हणाली.

"न उघडलेल्या पेटीतसून पुस्तक गेला, असा कोण म्हणतलो?"

गौरवीनं गोपाळ गांवकारांकडे बघितलं. ते वडाकडे बघत होते. कृष्णनाथही. गौरवीनंही तोंड वडाकडे केलं. झाड चांगलंच मोठं होतं, तिनं आजवर नीट बघितलं नव्हतं. किल्ली तिच्या हातात देऊन लक्ष्मी गेली. मग गौरवीनं अर्जात आणखी एक कलम वाढवलं, दोन्ही वाड्यांनी एकाखाली एक नको म्हणून शेजारीशेजारी सह्या केल्या, आणि कागद पाठवला. तो असा:

प्रति, माननीय संबंधित अधिकारी, गोवा राज्य (नवीन).

विषय: न उघडलेली पुस्तकपेटी न उघडण्याचे काम चालू ठेवणेबाबत.

महोदय, मौजे शिरगाळ, तालुका डिचोली येथील बालवाचन मंडळ अद्याप सुरू झालेले नसून ते उत्तम चालले आहे. मंडळाची पेटी श्रीमती लक्ष्मी यांनी कधीही उघडलेली नाही, व त्यांच्याइतक्या नियमितपणे ती न उघडणारी दुसरी व्यक्ती गावात उपलब्ध नाही. सदर पेटीतून मगरीविषयीचे एक पुस्तक बाहेर गेलेले नाही. तरी वाचून झाल्यावर ते परत यावे व सोबत श्रीमती लक्ष्मी याही याव्यात, कारण पुढे काय झाले हे नदीच्या दोन्ही तीरांवरील मुलांना व शिरगाळच्या दोन वयस्क गृहस्थांना कळलेले नाही. सबब, श्री. सदाशिव यांची सांगे येथे झालेली बदली तात्काळ रद्द करण्यात यावी. आणि तसे करणे नियमात बसत नसल्यास, सांगे येथील खाण तिच्या ट्रकांसह शिरगाळ येथे हलवण्यात यावी, व ती देवळासमोरील वडाच्या आड येणार नाही अशी बसवावी, ही नम्र विनंती.